विभागाचा क्यूआर कोड: छापण्याआधी, छापताना आणि पुढच्या वर्षी

नवीन मुलं कॉलेजात येतात तेव्हा त्यांना लागणारी माहिती कुठे ना कुठे असतेच. जुन्या प्रश्नपत्रिका एका सीनियरच्या पेन ड्राइव्हमध्ये असतात, जर्नलचा नमुना दुसऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला कोणते दाखले लागतात ते ऑफिसातल्या क्लार्कला तोंडपाठ असतं आणि कुठली मेस बरी, हे हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावर कळतं. ज्याची ओळख आहे त्याला हे सगळं पहिल्या आठवड्यात मिळतं. तालुक्याच्या गावाहून एकट्या आलेल्या मुलीला पहिली इंटर्नल होऊन गेल्यावर समजतं की प्रश्नपत्रिकांचा संच होता म्हणून.

विभागाच्या दाराशी लावलेला एक क्यूआर कोड ही दरी बरीच कमी करू शकतो. पण कोड बनवणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यातच सगळ्यांचा उत्साह संपतो. कोडच्या मागे काय ठेवायचं, ते कोणाच्या खात्यावर असेल आणि तुम्ही पास होऊन गेल्यावर त्याचं काय होईल, हे आधी ठरवायला लागतं. म्हणून या लेखात कोड बराच उशिरा येतो.

चौकटींत नेमकं काय असतं

क्यूआर कोड १९९४ साली जपानमधल्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, मोटारींच्या सुट्या भागांवर लक्ष ठेवण्यासाठी. कंपनीने पेटंट घेतलं, पण ते वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. त्यामुळे साधा कोड बनवायला पैसे पडत नाहीत आणि त्याला मुदतही नसते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तुमच्या ओळखपत्रावर जो उभ्या रेघांचा बारकोड असतो, त्यात बहुतेक वेळा फक्त एक क्रमांक असतो. ग्रंथालयातला स्कॅनर तो वाचतो आणि पुस्तक तुमच्या नावावर चढतं. (प्रवेश मिळाल्याच्या आनंदात ओळखपत्राचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकणाऱ्यांनी तो क्रमांक निदान झाकावा.) क्यूआर कोडमध्ये मजकूर आडवा-उभा दोन्हीकडे भरलेला असतो. सर्वांत लहान कोड २१ × २१ चौकटींचा, सर्वांत मोठा १७७ × १७७ चा. मोठ्यात मोठ्या कोडमध्ये २,९५३ बाइट मावतात.

आकडा मोठा वाटतो, पण देवनागरीत तो पटकन संपतो. 'वैष्णवी' हे नाव घ्या. व, ऐची मात्रा, ष, हलन्त, ण, व, ईची मात्रा अशी सात चिन्हं, प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकवीस. तेच नाव रोमन लिपीत नऊ बाइटमध्ये बसतं. म्हणून मराठी मजकूर थेट कोडमध्ये कोंबू नका. मराठी सगळी पानावर लिहा, कोडमध्ये फक्त त्या पानाचा पत्ता ठेवा. मजकूर वाढला की चौकटी वाढतात, चौकटी वाढल्या की त्या बारीक होतात आणि स्वस्त फोनचा कॅमेरा त्यांच्यापुढे हात टेकतो.

आधी एक पान

सर्वांत जास्त दिसणारी पद्धत अशी: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची लिंक घेतली, तिचा कोड केला, चिकटवला. किंवा ड्राइव्हच्या फोल्डरचा केला. दोन महिन्यांनी ग्रुप भरतो, ॲडमिन लिंक बदलतो, फोल्डर दुसरीकडे हलतं आणि भिंतीवरचा कागद निव्वळ शोभेचा उरतो. कागदावर छापलेला पत्ता बदलता येत नाही. त्यामुळे कागदावर असाच पत्ता छापावा, जो बदलायची वेळ येणार नाही.

त्यासाठी गूगल साइट्सवर एक साधं पान करा. फुकट आहे, कोडिंग लागत नाही, मोबाइलवर नीट दिसतं. ग्रुपची लिंक, फोल्डरची लिंक, फॉर्म, वेळापत्रक हे सगळं त्या पानावर बटणांच्या रूपात ठेवा. ग्रुप बदलला तर बटणामागची लिंक बदला, भिंतीवरचा कोड तोच राहतो. 'डायनॅमिक कोड' (छापल्यावरही मागची लिंक बदलता येईल असा) म्हणून काही कंपन्या महिन्याला पैसे घेऊन जे विकतात, त्यातलं तुमच्या कामाचं बहुतेक सगळं इथे फुकटात होतं. फक्त एक पथ्य पाळा: एकदा प्रसिद्ध केलेल्या पानाचा पत्ता पुन्हा बदलू नका.

पानाचं नाव लहान ठेवा. दहा अक्षरी नाव असेल तर साइट्सचा पूर्ण पत्ता चाळीसेक अक्षरांचा होतो आणि मध्यम दर्जाची दुरुस्तीक्षमता (कोडचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता येण्याची सोय) ठेवूनही कोड २९ × २९ चौकटींत बसतो. ड्राइव्हच्या फोल्डरची लिंक ऐंशीच्या घरात जाते, तिला ३७ × ३७ लागतात. पाच सेंटिमीटरच्या कोडमध्ये पहिल्याची एक चौकट पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास, दुसऱ्याची जेमतेम १.३५. अंधाऱ्या कॉरिडॉरमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो.

पानावर काय असावं? नवीन मुलांना पहिल्या महिन्यात जे लागतं ते, आणि त्याच क्रमाने. वेळापत्रक आणि कुठली खोली कुठे, हे सर्वांत वर. मग शिष्यवृत्ती: महाडीबीटीवर अर्ज करताना उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, आधारशी जोडलेलं बँक खातं यांतलं कुणाला काय लागतं, ते चार ओळींत, साध्या मराठीत. त्याखाली अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (मिळवलेली क्रेडिट्स जिथे ऑनलाइन जमा होतात त्या सरकारी खात्याचा) आयडी कसा काढायचा. मग विषयवार जुन्या प्रश्नपत्रिका, जर्नलचा नमुना, एटीकेटीचे नियम. सर्वांत खाली मेस, झेरॉक्स, बसचा पास. विभागप्रमुखांचं मनोगत, कॉलेजचा इतिहास, उद्घाटनाचे फोटो यांतलं काही नको. ते कॉलेजच्या संकेतस्थळावर आहे आणि तिथेही कोणी वाचत नाही.

नोट्सच्या बाबतीत एक सांगायला हवं. सीनियरने स्वतः लिहिलेल्या नोट्स त्याला विचारून ठेवा, त्याचं नाव घाला. अख्ख्या पाठ्यपुस्तकाची स्कॅन केलेली पीडीएफ ठेवू नका. मुलं मागतील, पण विभागाच्या नावाने चालणाऱ्या पानावर ती असणं पुढे महागात पडतं.

फायलींना नावं देतानाही थोडं डोकं लावा. 'स्कॅन०००१७' या नावाच्या फायलीतून कोणाला काय कळणार? विषय, सेमिस्टर, वर्ष, एवढं नावात आलं की पुरे. फोल्डर 'लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल' असं ठेवा, 'बदलता येईल' असं कधीच नाही. नाही तर परीक्षेच्या आदल्या रात्री कोणीतरी जागा मोकळी करायला म्हणून अख्खं फोल्डर पुसतं.

ग्रुपचा कोड उघड्यावर नको

व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपमध्ये शिरलं की तुमचा नंबर प्रत्येक सदस्याला दिसतो. ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात. विभागाबाहेरच्या फलकावर ग्रुपचा कोड लावला, तर क्लासवाले, खोल्यांचे एजंट आणि बिनकामाचे लोक कोणीही आत येऊन सगळ्या मुलींचे नंबर उतरवून घेऊ शकतात. हे प्रकार होतात आणि मग मुली ग्रुप सोडून जातात. ज्यांच्यासाठी खटाटोप केला, त्याच बाहेर.

यावर उपाय आहेत. नुसत्या सूचना द्यायच्या असतील तर व्हॉट्सअ‍ॅप चॅनल करा, तिथे एका फॉलोअरला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. कम्युनिटीच्या घोषणा-ग्रुपमध्येही सदस्यांचे नंबर एकमेकांपासून लपलेले असतात, फक्त ॲडमिनला आणि ज्यांनी आधीच नंबर सेव्ह केलाय त्यांना दिसतात. गप्पांचा ग्रुप हवाच असेल तर 'नवीन सदस्यांना ॲडमिनची मंजुरी' हा पर्याय चालू करा आणि मंजुरी देताना हजेरीपटाशी नाव ताडून पाहा. कंटाळवाणं काम आहे, पण एका वर्गाचं असं काम कितीसं असतं?

गूगल फॉर्मचंही तसंच. नाव, वर्ग, ई-मेल, कशात मदत हवी, बस. जन्मतारीख, आधार क्रमांक, घरचा पत्ता, पालकांचा फोन हे विचारायची सवय सोडा. अकरावी-बारावीची मुलं १८ वर्षांखालची असतात आणि वैयक्तिक डेटासंबंधीच्या २०२३ च्या कायद्यात अशांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. त्याहून साधी गोष्ट म्हणजे जी माहिती घेतलीच नाही, ती फुटत नाही. उत्तरांची शीट दोघांपलीकडे कोणाला उघडू देऊ नका.

आता कोड

क्रोममध्ये पान उघडा, शेअरच्या मेनूत 'क्यूआर कोड' असा पर्याय मिळेल. तो कोड थेट तुमच्या पत्त्याचा असतो, मधल्या बाजूला एक छोटा डायनासोर येतो इतकंच. ए-फोर कागदासाठी हा चालतो. मोठा फ्लेक्स करायचा असेल तर इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात बारकोडच्या विभागात क्यूआर कोड आहे आणि फाइल एसव्हीजी स्वरूपात मिळते, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा फुटत नाहीत.

इंटरनेटवर 'फ्री क्यूआर' म्हणून शोधलं की ज्या साइट्स वर येतात, त्यांतल्या अनेक तुमचा पत्ता कोडमध्ये टाकतच नाहीत. स्वतःचा टाकतात आणि तिथून तुमच्याकडे वळवतात. पंधरा-वीस दिवसांची चाचणी-मुदत संपली की कोड उघडल्यावर पैसे भरण्याचं पान येतं. ओळखायचं कसं? बनवलेला कोड स्कॅन करा, पण लिंक उघडू नका. कॅमेऱ्याखाली जो पत्ता दिसतो तो तुम्ही दिलेलाच आहे का, ते अक्षर न् अक्षर बघा. वेगळा असेल तर तो कोड फेकून द्या.

काही सॉफ्टवेअर दुरुस्तीची पातळी विचारतात. चार पातळ्या असतात: साधारण ७, १५, २५ आणि ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. भिंतीवर १५ टक्क्यांची पुरते. मध्ये कॉलेजचा लोगो घालायचा असेल किंवा कागद पावसाळी ओल येणाऱ्या भिंतीवर लागणार असेल तर ३० ची घ्या, चौकटी मात्र वाढतील. लोगो घातलात तरी तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांना हात लावायचा नाही. कॅमेरा त्यांच्यावरूनच कोड शोधतो. माझं मत विचाराल तर लोगो कोडच्या वर छापा, आत नको.

छपाई

साधा हिशेब: जितक्या अंतरावरून स्कॅन होणार, त्याच्या दहावा भाग कोडची रुंदी. फलकापासून मुलं अर्ध्या ते एक मीटरवर उभी राहतात, म्हणून पाच ते दहा सेंटिमीटर. ओळखपत्रावर किंवा वहीच्या स्टिकरवर दोन सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका. वर्गात प्रोजेक्टरवर दाखवायचा असेल आणि शेवटचा बाक आठ मीटरवर असेल, तर पडद्यावर कोड ऐंशी सेंटिमीटरचा दिसायला हवा. स्लाइडच्या कोपऱ्यात टिकलीएवढा कोड ठेवून 'सगळ्यांनी स्कॅन करा' म्हणणारे वक्ते प्रत्येक सेमिनारला भेटतात.

काळा रंग, पांढरी पार्श्वभूमी. काळ्यावर पांढरा उलटा कोड देखणा दिसतो, पण काही फोन तो वाचत नाहीत. कोडभोवती चारही बाजूंनी चार चौकटींएवढी कोरी जागा सोडा. फ्लेक्सवाला ती जागा 'वाया' जाते म्हणून तिथे नेमकी नक्षी घालतो, त्याला आधीच बजावून ठेवा. फाइल त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो आणि चौकटींच्या कडा पुसट होतात. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेलं की तेच होतं, तेव्हा मूळ प्रत जपून ठेवा. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा पट्टा पडतो. मॅट मिळालं तर मॅट घ्या, नाही तर कागद उजेडाच्या समोर लावू नका.

कोडच्या खाली दोन ओळी हव्यातच. पहिली: उघडल्यावर काय मिळेल. 'स्कॅन करा' एवढ्याने कोणी खिशातून फोन काढत नाही. 'प्रथम वर्ष: जुन्या प्रश्नपत्रिका आणि शिष्यवृत्तीचे कागद' म्हटलं की काढतात. दुसरी: टाइप करता येईल असा पत्ता. ही युक्ती पाठ्यपुस्तकांतून घ्या. बालभारतीच्या पुस्तकांत दीक्षा ॲपसाठी जे कोड छापलेले असतात, त्यांच्याखाली सहा अक्षरांचा एक संकेत असतो, कॅमेरा चालत नसेल तर तो टाइप करायचा. (पुस्तकांत क्यूआर कोड घालण्याचा प्रयोग गाजला तो सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतून. तिथले तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला.) म्हणजे तुमच्या प्रथम वर्षातली मुलं शाळेपासूनच कोडला सरावलेली आहेत, त्यांना स्कॅन कसं करायचं हे शिकवत बसू नका.

कोडचं चित्र ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकणार असाल तर सोबत लिंकही द्या. ज्या फोनवर चित्र आलं त्याच फोनच्या कॅमेऱ्याने ते स्कॅन कसं करणार? गूगल लेन्सने गॅलरीतून वाचता येतं, पण एवढे कष्ट कोण घेतं.

लावण्याआधी तपासा

एकच प्रत काढा, जिथे लागणार तिथेच धरा आणि तीन फोनवर तपासा: वर्गातला सर्वांत जुना अँड्रॉइड, कोणाचा तरी आयफोन, आणि काच तडकलेला एखादा. संध्याकाळी दिवे लागल्यावर पुन्हा एकदा. यात सर्वांत महत्त्वाचं म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, उघडून बघणं. तुमच्या फोनवर तुमचं खातं चालू असतं, त्यामुळे तुम्हाला सगळं उघडतं. दुसऱ्याला 'परवानगी मागा' असं दिसतं आणि तुमच्या मेलमध्ये विनंत्यांचा ढीग पडतो. प्रत्येक बटण, प्रत्येक फोल्डर असं उघडून पाहा. कॉलेजच्या ई-मेल खात्यावर केलेल्या फायली अनेकदा कॉलेजबाहेरच्यांना उघडतच नाहीत. तुमचं पान माजी विद्यार्थ्यांसाठीही असेल तर हे आधीच कळलेलं बरं.

ओळख वाढवायची असेल तर

विभागाचा कोड वेगळा, स्वतःचा वेगळा. आविष्कारसारख्या संशोधन स्पर्धेत पोस्टरपुढे उभे असता तेव्हा परीक्षक आणि दुसऱ्या कॉलेजची मुलं दोन-चार मिनिटं थांबतात आणि पुढे सरकतात. पोस्टरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, कंबरेच्या नव्हे तर छातीच्या उंचीला येईल असा कोड ठेवा. त्यामागे एकच पान: प्रकल्पाचा सारांश, दोन आलेख, गटातल्यांची नावं, विभागाचा ई-मेल. त्या पानावर मोबाइल नंबर टाकू नका.

नोकरी-इंटर्नशिपच्या भेटींत लिंक्डइनचा कोड पुरतो. ॲपमध्ये शोधपट्टीपाशी तो मिळतो, समोरच्याने स्कॅन केला की थेट तुमचं प्रोफाइल उघडतं. कोड दाखवण्याआधी प्रोफाइलवर निदान चालू वर्ष आणि विषय बरोबर आहेत ना, ते बघा. काही जण व्हीकार्डचा कोड करतात, म्हणजे स्कॅन केल्यावर नाव-नंबर थेट फोनबुकात जातो. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, समोरासमोर, ते सोयीचं आहे. छापून वाटायला मात्र वाईट, कारण तो कागद पुढे कोणाच्या हाती जाईल ते सांगता येत नाही आणि छापलेला नंबर परत घेता येत नाही.

आणि स्कॅन झालं म्हणजे ओळख झाली असं नाही. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेसेज टाका, 'आज तुमच्याशी अमुक विषयावर बोललो' असा. दोन दिवस गेले की समोरच्याला चेहरा आठवत नाही.

पैसे आणि हजेरी

गॅदरिंगच्या वर्गणीचा यूपीआय कोड माहितीच्या कोडशेजारी लावू नका. घाईत चुकीचा स्कॅन होतो. त्याहून वाईट म्हणजे त्यावर कोणी आपला कोड चिकटवला तर कळत नाही. पैशाचा कोड टेबलावर, माणसाच्या नजरेसमोर ठेवा, आणि 'स्कॅन केल्यावर हे नाव दिसेल' असं खाली लिहा. नवीन मुलांना एक सांगून ठेवा: पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. 'रिफंड'साठी कोणी कोड पाठवला तर ती फसवणूक आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

हजेरीसाठी कोड वापरायची हौस अनेक विभागांना असते. पडद्यावरच्या कोडचा फोटो अर्ध्या मिनिटात कँटीनमध्ये पोचतो. फॉर्ममध्ये त्या तासाला तोंडी सांगितलेला एक शब्द विचारला तर थोडा आळा बसतो, पण तो शब्दही कँटीनमध्ये पोचतोच. साठ मुलांच्या वर्गात नावं पुकारणं अजूनही सोपं आहे.

एप्रिलमधलं काम

पान आणि फोल्डर एखाद्या विद्यार्थ्याच्या खासगी खात्यावर असेल तर तो पास झाल्यावर काय? कॉलेजने दिलेलं खातं काही काळाने बंद होतं, आणि दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल पुसू शकतं. म्हणून विभागाच्या नावाने एक वेगळं खातं काढा. रिकव्हरीचा नंबर शिक्षकांचा ठेवा, पासवर्ड एका शिक्षकांकडे आणि दोन विद्यार्थ्यांकडे. त्या दोघांतला एक शेवटच्या वर्षातला आणि एक त्याच्या मागच्या वर्षातला असावा, म्हणजे दर वर्षी एकच माणूस बदलतो.

परीक्षा संपायच्या आत बदललेल्या अभ्यासक्रमाच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, जुन्या फॉर्मची उत्तरं पुसा, गेल्या वर्षीचा ग्रुप बंद करून बटणामागे नव्याची लिंक टाका आणि पासवर्ड बदला. मग कॉरिडॉरमधून एक चक्कर मारा. फाटलेले, उन्हाने विटलेले आणि वरून दुसरा कागद चिकटवलेले कोड काढून टाका, जे ठेवाल ते एकदा स्वतः स्कॅन करून बघा. प्रवेश जूनपासून सुरू होतात.